रिकामं ठेवलेलं गाणं

गवई रोज सकाळी दुसऱ्यांच्या दुकानांत जायचा आणि काहीही विकत न घेता परत यायचा. हेच त्याचं काम होतं. त्याच्या मालकाचं दोन मजली दुकान होतं, साबणापासून सतरंजीपर्यंत सगळं मिळणारं. आसपासच्या दुकानांत आज काय भाव आहे हे कळल्याशिवाय मालक स्वतःच्या एकाही वस्तूवर भावाची चिठ्ठी चिकटवत नसे. आता दुसऱ्याच्या दुकानात जाऊन कागद-पेन्सिल काढली की पहारेकरी हटकणार, फोन काढला की दंडाला धरून बाहेर. म्हणून गवई भाव गाण्यात घालून आणायचा. सिनेमातलं एखादं चालतं गाणं घ्यायचं, आतले शब्द काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी तेल, साखर, टूथपेस्ट बसवायची. विरहाच्या गाण्यात धुण्याची पावडर छान बसते, असं त्याचं अनुभवाचं मत होतं. तान लांब असते, तिच्यात छोट्या पुड्याचा आणि मोठ्या पुड्याचा असे दोन्ही भाव मावतात.

तरुणपणी तो खरोखरच गात असे, एका ऑर्केस्ट्रात, मागच्या रांगेत. ऑर्केस्ट्रा बुडाला, गळा तेवढा उरला. पण मनानं माणूस अजून तिथंच होता. दुकानांच्या त्या लांब, गार गल्ल्यांतून तो हातात रिकामी टोपली घेऊन झोपेत चालल्यासारखा चालायचा. तरी त्याला सगळं दिसायचं. दूध नेहमी पार मागच्या टोकाला, म्हणजे दुधासाठी आलेल्यानं वाटेत चार वस्तूंना हात लावावा. चॉकलेटं बरोबर पोरांच्या डोळ्यांसमोर. शंभराला सरळ शंभर म्हणायची तर कुणाची छातीच नाही, जिकडे पाहावं तिकडे नव्याण्णव! गिऱ्हाइकाला हे कळत नाही थोडंच? चांगलं कळतं. पण सिनेमातली नायिका मेलेली नाही, संध्याकाळी घरी जाऊन जेवणार आहे, हे ठाऊक असूनही आपण रुमाल काढतोच की. नव्याण्णवचंही तसंच आहे, असं गवयाला वाटायचं, आणि मग तोही त्या पाट्यांकडे जरा मायेनंच बघायचा.

एक गाणं मात्र त्यानं कधीच दुकानात नेलं नव्हतं. ते एका सपशेल पडलेल्या सिनेमातलं होतं. लोक तो सिनेमाही विसरले आणि ते गाणंही. फार पूर्वी एका कार्यक्रमात मुख्य गायकाचा घसा ऐन वेळी बसला, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि गवयाला पुढं ढकलण्यात आलं. घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच आठवलं, आणि तो हेच गायला. टाळ्या बेतास बात पडल्या. पण भाड्यानं खुर्च्या पुरवणाऱ्याची मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. खुर्च्या गोळा करता करता ती म्हणाली, "ते नदीचं गाणं पुन्हा एकदा म्हणाल?"

तीच त्याची बायको. इतक्या वर्षांच्या संसारात भांड्याला भांडं लागलंच, पण कधी संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणे, "अहो, नदीचं म्हणा ना." तो म्हणायचा, आणि तेवढा वेळ ते दोन खोल्यांचं घर पाण्यावर अलगद तरंगत असल्यासारखं वाटायचं. बाकीची सगळी गाणी त्यानं पोटापायी भावांनी भरून टाकली होती. या एका गाण्यात एकही आकडा नव्हता.

मग समोरच्या रस्त्यावर नवं चार मजली दुकान उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका दिवसाची मोठी सूट जाहीर केली.

"दुपारच्या आत सगळे भाव पाहिजेत मला," मालक म्हणाला. "नाहीतर उद्यापासून तळघरात पोती उचल. फुकट गाणी ऐकायला ठेवलेलं नाही तुला."

गवयाचा गुडघा साध्या जिन्यावरही कुरकुरायचा. पोती म्हणजे खेळ खलासच.

तो नव्या दुकानात शिरला आणि दारातच थबकला. तिथं छताछताला स्पीकर लावले होते आणि त्यांतून सिनेमाची गाणी वाजत होती, एकामागून एक, सगळी चालती. त्यानं एका चालीत साखर बसवली, तोच वरून तीच चाल मूळ शब्दांनिशी आली आणि साखर विरघळून गेली. दुसरी चाल घेतली, तीही वाजली. जणू त्याच्या डोक्यातली सगळी कपाटं कुणीतरी भराभर उघडून रिकामी करत होतं. चादरींच्या ढिगाऱ्याआड तो घाम पुसत उभा राहिला. कुठंही वाजणार नाही असं एकच गाणं उरलं होतं, नदीचं.

बराच वेळ त्याचं मन होईना. मग त्याच्या डोळ्यांसमोर तळघरातली पोती आली, आणि त्यानं ते गाणं उघडलं. पहिल्या ओळीत तेल बसलं. इतकं सहज बसलं की त्याला स्वतःचीच चीड आली.

मालक भलताच खूष झाला. त्यानं प्रत्येक भाव त्यांच्याहून रुपयानं खाली आणला, आणि दुपारी त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बिस्किटांचा एक डबाही बक्षीस मिळाला. तो घेऊन गवई घरी आला. बायकोनं डबा उघडला, एक बिस्कीट खाल्लं आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"आज खुशीत दिसताय. मग होऊ दे नदीचं."

"घसा धरलाय गं."

"पाणी प्या आणि म्हणा."

त्यानं डोळे मिटले. सूर लागला, अगदी पूर्वीसारखा लागला, आणि त्यावर स्वार होऊन आलं ते गोड्या तेलाचं पाच किलोचं डबडं, सवलतीच्या भावासकट.

ती खळखळून हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला.

"हेसुद्धा दुकानात नेलंत?"

त्यानं सगळं सांगितलं. स्पीकर, चादरी, पोती. ती ऐकत शेंगा सोलत राहिली. दाणे सालांत पडत होते आणि सालं दाण्यांत.

"पोती उचलली असतीत तर मी रोज गुडघा चोळून दिला असता," ती शेवटी म्हणाली. "मला विचारायचं तरी."

"आठव आठव म्हणतोय, पण शब्द येतच नाहीयेत गं," तो म्हणाला.

तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. सूर तर तिला सात जन्मांत नव्हता. ती गुणगुणली की तोच थट्टा करायचा. तिनं नाक पुसलं, आणि पोर धडा म्हणून दाखवतं तशी सपाट आवाजात बोलू लागली, "नदी थांबली दारी, उजेड घेऊन थोडा..." एक ओळ, दुसरी, तिसरी, अख्खं कडवं. कुठं अडखळणं नाही. इतकी वर्षं आपण गातो आणि ती नुसती ऐकते, असं गवयाला वाटत होतं.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्यामागून म्हणा."

तिनं ओळ बोलावी, त्यानं ती गावी. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीत साबण आला.

"पहिल्यापासून," बायको म्हणाली, आणि तिनं शेंगांची परात बाजूला सारली.