चोविसाव्या भागाची मोटार

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही हिंदीत. मराठी घरात होती, लिहायला वडिलांनी शिकवली, म्हणून हे लिहितो आहे. चुका असतील तर असू देत. रेल्वेच्या कारखान्यात मी फिटर होतो आणि माझं माप कधी चुकलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मोटारी करायचा नाद मला रद्दीतून लागला. लक्ष्मी गेटाजवळच्या रद्दीवाल्याकडे लष्कराच्या छावणीतला कागद यायचा. त्यात एक इंग्रजी मासिक मिळालं. आत नुसत्या लहान लहान मोटारी, लोकांनी घरी बसून केलेल्या. एका फोटोत एक म्हातारा साहेब चिमट्यात मोटारीचा आरसा धरून बसला होता, एवढासा, डाळीच्या दाण्याएवढा. म्हटलं, हे आपल्यालाही जमेल. कात्री, कानस घरात होतीच. तेलाच्या डब्याचा पत्रा होता. पहिली मोटार मी फोटो बघून केली. ती वाईट झाली. दुसरी झाली ती चांगली.

पुढे दिल्लीहून तसलंच एक मासिक निघायला लागलं, त्याची वर्गणी भरली. तेही इंग्रजीत. मधल्या दोन पानांवर दर महिन्याला एका मोटारीचा नकाशा असायचा. बायको ग्वाल्हेरची, सातवी झालेली. अक्षराला अक्षर लावून ती इंग्रजी वाचायची. रविवारी जेवणं झाली की ती मासिक घेऊन बसायची आणि मी ऐकायचो. अर्धे शब्द तिला कळत नसत, मग आम्ही दोघं चित्रावरून ठरवायचो. माझं ठरवणं जास्त असायचं.

त्या मासिकानं स्पर्धा काढली. छापलेल्या नकाशावरून मोटार करायची, खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या भागाची, आणि दिल्लीला आणून दाखवायची. पहिल्या आलेल्या मोटारीचा फोटो मुखपृष्ठावर, ती करणाऱ्याच्या नावासकट. मला ते हवं होतं. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, माझं नाव हजेरीच्या पाटीशिवाय कुठं लागलं नव्हतं.

नकाशा जुन्या उघड्या मोटारीचा होता. वर मोठ्या अक्षरात एक भागिले चोवीस असं छापलेलं. आकडे मला वाचता येतात, इंग्रजीसुद्धा. मी डिव्हायडर घेऊन कागदावरून माप उचलायला लागलो. बायको वाकून बघत होती. म्हणाली, "अहो, इथं खाली बारीक काहीतरी आहे. हाफ साइज. म्हणजे चित्र अर्धं काढलंय का?"

मी म्हटलं, "वर चोवीस लिहिलंय ते दिसत नाही? तू पोळ्यांचं बघ."

ती उठली. पोळ्या तर केव्हाच झाल्या होत्या.

मोटारीचं काम दीड वर्ष चाललं. वीतभर व्हायला हवी होती, झाली पाच बोटांची. मला त्यात वावगं वाटलं नाही, उलट लहान काम म्हणजे अवघड काम. चाकं पितळेची, लेथवर काढलेली. दारं उघडायची. बैठका बायकोनं खणाच्या तुकड्याच्या शिवल्या, आत कापूस भरून. शिवताना काही बोलली नाही.

बैठका झाल्यावर दोन महिन्यांनी ती गेली. मूत्रपिंडाचं होतं. मेडिकल कॉलेजात ठेवलं होतं. सकाळी मी चहाला खाली उतरलो, वर आलो तर नर्स चादर ओढत होती. मला काही वाटलं नाही. लोक म्हणाले, नंतर वाटतं. मी वाट पाहिली. तेरावं झालं, मुलगी इंदूरला परत गेली, दुसऱ्या दिवशी मी मोटारीला रंगाचा दुसरा हात दिला. शेजारची म्हणे नावं ठेवत होती. ठेवू दे. हात तर हलवायलाच लागतात.

दिल्लीला मोटार पापडाच्या डब्यातून नेली. हॉलमध्ये टेबलं मांडली होती. एक चष्मेवाला, माझ्या मुलीच्या वयाचा, हातात स्टीलची पट्टी घेऊन एकेक मोटार मोजत होता. माझी बघून त्यानं आधी खुर्ची ओढली आणि बसला. बराच वेळ दारं उघडत-मिटत होता. मग पट्टी लावली.

"बाबूजी, ये तो अड़तालीस में है."

मी म्हटलं, "मेरी नाप गलत नहीं होती."

"गलत कहाँ है? बाल बराबर भी नहीं. बस, पूरी की पूरी आधी है."

त्यानं तो अंक काढला. नकाशाखालच्या बारीक ओळीवर नख ठेवलं. पानात मावावं म्हणून चित्र अर्धं छापलंय, मापं दुप्पट धरा, असं होतं. म्हणाला, "यहाँ लिखा तो है. किसी ने पढ़के नहीं बताया?"

"मैंने खुद पढ़ा था," मी म्हटलं.

वेगळ्या टेबलावर नुसती बघायला ठेवा, असं तो म्हणत होता. स्पर्धेत नाही, फोटोही नाही, पण लोक बघतील. मी नको म्हटलं. डब्यात घातली आणि दुपारची गाडी पकडली. आग्रा गेलं. ग्वाल्हेर आलं, गेलं. मी खिडकीशी बसून होतो.

आठवड्यानं मुलीचा फोन आला. कसं झालं विचारलं. मोटार अर्धी निघाली, म्हटलं.

"आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, बाबा. मी म्हटलं, अगं परत एकदा सांग ना. तर म्हणाली, एकदा सांगून झालंय. दोनदा मी त्यांना सांगणार नाही."

"तिचं बरोबर होतं," मी म्हटलं.

हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं. फोनवर म्हटलं, तेही मुलीला. मग तिनं खाना खाया क्या, असं विचारलं. खिचडी केली होती, ते सांगितलं.

पुढच्या महिन्यात मासिक आलं. नवा नकाशा, बंद टपाची मोटार, खाली पुन्हा बारीक ओळ. दोन दिवस ते पान तसंच उघडं पडलं होतं. मग मी उठलो आणि गल्लीच्या टोकाला गेलो. तिथं एका फौजीची बायको राहते, साताऱ्याकडची, इंग्रजी शिकलेली; नवरा बबिन्याच्या छावणीत असतो. तिच्या दारात मी याआधी कधी उभा राहिलो नव्हतो. तिनं हात पुसले, पान धरलं.

"पूर्ण साइज आहे, काका. छापलंय तेवढंच करायचं."

"परत एकदा वाचा," मी म्हटलं.

तिनं परत वाचलं.