स्पावाल्या केबिनचा आग्रह

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलीने बोटीची सहल भेट दिली. बोट सिंगापूरहून निघणार, चार रात्री समुद्रात फिरवणार आणि परत सिंगापूरलाच आणून सोडणार. एवढा खर्च करून माणूस जिथून निघाला तिथेच उतरणार, ही गोष्ट आमच्या ह्यांच्या गळी उतरायला दोन दिवस लागले. "पन जायाचा कुठं?" असं ते विचारत राहिले आणि "कुठेच नाही बाबा, नुसतं बोटीत राहायचं," असं मुलगी सांगत राहिली. नवी मुंबईतल्या शिरवणे गावात जन्म काढलेल्या माणसाला नुसतं राहायला घराबाहेर का जावं लागतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरी पासपोर्ट काढले, बॅगा आणल्या, आणि सगळं सुरळीत चाललं असताना बोटवाल्या कंपनीचा निरोप आला. थोडे जास्त पैसे भरा, साधी केबिन सोडा आणि स्पाच्या केबिनमध्ये या.

'थोडे' हा शब्द कंपनीचा. त्या थोड्यात आमच्या बिल्डिंगचा अख्खा जिना रंगवून झाला असता.

मुलगी पुण्याला असते. तिने व्हिडिओ कॉलवर तो निरोप वाचून दाखवला. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि भाजी निवडत ऐकत होते. खोली स्पाच्या अगदी शेजारी. स्पात हवं तेव्हा जायचं, हवं तेवढा वेळ बसायचं. गरम दगडाच्या खुर्च्या, वाफेची खोली, मिठाची खोली. खोलीत मऊ झगा, आणि उशा निवडायला पाच-सहा प्रकारच्या.

"आई, तुला पाहिजे का?" तिने विचारलं.

"मला काय करायचंय," मी म्हटलं.

"ओके, मग नको," असं म्हणून ती सिंगापुरात कुठला प्लग लागतो त्यावर बोलायला लागली.

मी हातात मेथीची काडी धरून बसून राहिले. मला ती खोली पाहिजे होती. वर्षभर माझा उजवा खांदा धरलाय. हात कानाच्या वर जात नाही, अंबाडा घालताना डोकंच हाताकडे न्यावं लागतं. डॉक्टरांनी त्याला एक थंडगार इंग्रजी नाव दिलं आणि व्यायामाचा कागद दिला. गरम दगडाची खुर्ची ऐकल्याबरोबर माझा खांदा मनाने तिच्यावर जाऊन टेकला होता. आणि इकडे माझी मुलगी प्लगला तीन पिना असतात की दोन ते सांगत होती.

आता, 'मला काय करायचंय' याचा अर्थ नको असा होतो, हे हिला कुणी सांगितलं? तळवलीला, माझ्या माहेरी, तसा तो कधीच होत नव्हता. लग्नाच्या पंगतीत पाहुणा 'पुरे' म्हणाला की माझी आई ऐकू न आल्यासारखी त्याच्या ताटात तांदळाची भाकरी टाकायची. त्याने ताटावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून कालवण ओतायची. तिसऱ्यांदा तो ताटच उचलून पाठीमागे न्यायला लागला, की मग 'भरला असल बिचाऱ्याचा पोट' असं मोठ्या मनाने कबूल करायची आणि पुढच्याकडे वळायची. पहिल्याच खेपेला 'वाढा' म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे हावरट म्हणत, आणि पहिल्या 'पुरे'ला थांबणाऱ्या घराला चिक्कू. दोघांचीही नावं वर्षानुवर्षं लक्षात ठेवली जात.

मुलीचा तरी काय दोष? तिला मीच शिकवलं, नाही म्हणजे नाही. कुणी नाही म्हटलं की त्याला परत विचारायचं नाही आणि आपण नाही म्हटलं की परत ऐकून घ्यायचं नाही. मुलींना हे शिकवलंच पाहिजे असं मला वाटायचं, अजून वाटतं. ती शिकवण माझ्याच खांद्यावर येऊन पडेल एवढं मात्र लक्षात आलं नाही. पुढे ह्यांना शुगर निघाली आणि घरातला उरलासुरला आग्रहही संपला. आता हे 'पुरे' म्हणायच्या आत मी पातेलं उचलते.

आग्रह टिकून आहे तो फक्त त्या कंपनीत. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, 'तुमच्यासाठी अजून राखून ठेवली आहे.' तिसऱ्या दिवशी, 'आता मोजक्याच उरल्या आहेत.' मग एका बाईचा फोटो आला. ती टॉवेल गुंडाळून पडली होती आणि तिच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या होत्या. आमच्याकडे काकडी कोशिंबिरीत जाते आणि ती चोचवायलाही मीच लागते. पोटच्या मुलीने एकदा विचारून सोडून दिलं, आणि ज्या कंपनीने माझं तोंड पाहिलेलं नाही ती ताटावर हात धरला तरी वाढत होती. मला तिच्याबद्दल माया वाटायला लागली.

ह्यांनी मात्र त्या केबिनचा अभ्यास मांडला. रबाळ्याच्या कारखान्यात मशीनपुढे उभं राहून ह्यांनी नोकरी काढली. तिथली सवय अशी की वस्तू घ्यायची नसली तरी तिची चौकशी पूर्ण करायची. चष्मा नाकाच्या टोकावर आणून, बोटीवर जाऊन आलेल्या गोऱ्या लोकांचे व्हिडिओ ते दुपारभर बघायचे आणि मला स्वयंपाकघरात येऊन निकाल सांगायचे.

"गरम दगडावर बसाचे पैसे? आपली गच्ची हाय ना! मे महिन्यात वर जाऊन बस, कोन इचारतंय?"

वाफेबद्दल त्यांनी भाताच्या कुकरकडे बोट दाखवलं. मिठाच्या खोलीबद्दल तर त्यांना हसूच आवरेना. भिंतीला मीठ लावलेलं, आपण त्यात नुसतं बसायचं आणि श्वास घ्यायचा. माझी आई मिठागरात काम करायची. दिवसभर मिठात उभी राहायची, पाय फाटायचे, भेगांत मीठ जाऊन आग व्हायची आणि संध्याकाळी ती ओटीवर बसून त्यात खोबरेल भरायची. पण तिला निदान त्या मिठात उभं राहायची मजुरी मिळायची. आता तिची लेक मिठात बसायला पदरचे पैसे भरणार. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

मग एके दिवशी ते जिंकल्यासारखे आत आले. "मालिश त्याच्यान नाय!" ते म्हणाले. "मालिशीचे पैसे येगले! आतमदी बसाचे घेतले ते घेतले."

हे खरं होतं. मीही मुलीकडून परत वाचून घेतलं. मालिश वेगळी, खोलीचा आकार तेवढाच, न्हाणीघरात पाण्याच्या चार धारा जास्त, आणि स्पाचं दार जवळ. म्हणजे दाराच्या जवळ राहायचे पैसे. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही, इथे स्टेशन जवळ म्हणून भाडं वाढवणाऱ्यांत आम्हीही आहोत. तरी मला ते लागलं. ह्यांच्या कमरेला रोज संध्याकाळी बाम मी चोळते. डाव्या हाताने, कारण उजव्यात जोर नाही. माझा खांदा कुणी चोळावा हा विषय घरात निघालेला नाही. हळद आणि बाळंतपण सोडलं तर माझ्या अंगाला दुसऱ्या कुणी हात लावून तेल जिरवल्याचं मला आठवत नाही. म्हणजे बाईला अंग चोळून घ्यायचं असेल तर तिने आधी लग्न करावं, नाही तर मूल जन्माला घालावं. तिसरा रस्ता निघाला होता तो बोटीवर, आणि त्यातही मालिश नव्हती.

"ती दगडाची खुर्ची कमरंपासून गरम व्हते," ह्यांनी जाता जाता सांगितलं. "सकाली गेलेला बरा. संध्याकाली गर्दी असते." नको असलेल्या खुर्चीची इतकी माहिती दुसऱ्या कुणाजवळ नसेल. मला मात्र त्यात काही वेगळं वाटलं नाही.

आमची जाऊ वरच्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी ती मुलाबरोबर अशाच एका बोटीवर जाऊन आली आणि तेव्हापासून तिच्या बोलण्यात भरती-ओहोटीसारखी दिवसातून दोनदा ती बोट येतेच. तिला विचारणं म्हणजे तासाभराची निश्चिंती, हे माहीत असूनही मी वर गेले. तिने जेवण सांगितलं, नाश्ता सांगितला, मध्ये मिळणारं खाणं सांगितलं. मग मी म्हटलं, "स्पात गेलेलीस का गो?"

ती एकदम थांबली. ती कधी थांबत नाही.

"नाय," ती म्हणाली. "पोरानं इचारला व्हता. मी बोलले, कनाला पैसं घालवतंस? तर त्यानं लगेच आयकला."

मग तिने सांगितलं की त्यांची लिफ्ट त्या स्पाच्या दाराजवळच होती. येता-जाता दार उघडायचं, आतून गरम, चांगला वास यायचा आणि बायका लाल लाल तोंडाने, झगे घालून बाहेर यायच्या. "चारी दिवस मी तिथंच उभी, लिफ्टची वाट बघत," ती म्हणाली. मग हसली आणि माझ्यापुढे लाडवाचा डबा सरकवला. "तू जा. माझ्यावानी करू नको." पस्तीस वर्षांत तिने मला दिलेला हा पहिला चांगला सल्ला. खाली येताना मी ठरवलं, आज सांगायचं.

चहा देताना मी विषय काढला. "स्पाचं काय ठरवायचं?"

"ठरवाचा काय त्याच्यान? तूच नको बोललीस."

"हो, पण..."

"मंग झाला," म्हणून त्यांनी कपात बिस्कीट बुडवलं. मी पुढे बोलायला हवं होतं. पण साठीला आलेल्या बाईने नवऱ्यापुढे 'मला झगा घालून गरम दगडावर बसायचंय' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं, ते मला कळेना. मला स्वतःचीच चीड आली आणि ती मी भांड्यांवर काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुकिंगवाल्या मुलीचा फोन आला. मला उजव्या कानाशी फोन धरता येत नाही म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. हे समोर पेपर वाचत बसले होते.

"मॅडम, अपग्रेडचा आज लास्ट डे आहे. करायचंय का?"

"नको," मी म्हटलं. मी म्हटलं असं म्हणणंही चूक आहे, जीभच बोलून गेली.

"शुअर, मॅडम?"

"हो गं. आम्हाला काय करायचंय."

"बरं मॅडम. एकदा शेवटचं विचारते हां, मग तुम्हाला त्रास नाही देणार. नक्की नको?"

तिसरी खेप. आईच्या रिवाजाने यानंतर पातेलं पुढे जातं आणि परत येत नाही.

"पाहिजे," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की वर जावेलाही ऐकू गेला असेल. "मला पाहिजे. माझा खांदा दुखतो. मला त्या गरम खुर्चीवर बसायचंय."

पेपर खाली आला. मी गच्ची, कुकर आणि जिन्याचा रंग या तिन्हींची उत्तरं मनात तयार केली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते फोनकडे वाकले.

"ओ मॅडम, तो स्पाचा पास एकाला हाय का दोघांना?"

"दोघांना सर. केबिनमधल्या दोघांनाही."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि त्यांनी परत पेपर उचलला.

"ठीक काय?" मी म्हटलं. "आठवडाभर तुमीच नको नको लावलंय ना?"

त्यांनी कमरेला हात लावून खुर्चीत जरा बूड हलवलं. "तुला पोरीनं इचारला," ते म्हणाले. "कंपनीनं रोज इचारला. आता या बाईनं तीनदा इचारला. मना कोनी इचारला?"

दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही म्हणून मी आठवडाभर घरात आदळआपट करत होते. ह्यांना पहिल्यांदाही कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला घरात मी एकटीच होते.

"मॅडम, करू ना कन्फर्म?" फोनमधून आवाज आला. "आणि मसाज वेगळा असतो, तोही आत्ताच बुक करून ठेवू का? दोघांचा?"

"माझा कर," मी म्हटलं. "थांब, ह्यांना विचारते. अहो, मालिश करून घ्यायची का तुमाला?"

"मना काय कराचीय," ते पेपरमागून म्हणाले.

मी परत विचारलं.