ताप उतरल्यावर

"काका, अब्बा गेले." हमीदभाईंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. बराच वेळ निवडतच राहिलो... त्याला आता महिना होईल. दफनाला आलेले लोक म्हणत होते, माणूस भला, पण मुलीच्या बाबतीत चुकला. तेव्हाही मी गप्प बसलो, म्हणून हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात मी मलेरिया खात्यात होतो, भिवंडीत घरोघर फिरून तपासणीसाठी तापकऱ्यांचं रक्त काचपट्टीवर घ्यायचो. धामणकर नाक्यामागे हमीदभाईंचे कापडाचे लूम होते. मला पाहून ते कारागिरांना ओरडायचे, "बोटं लपवा रे, सुईवाला आया!" आणि पहिलं बोट स्वतःचं पुढे करायचे. तेव्हा हिशोब सोपा होता. थंडीताप म्हणजे मलेरिया. ताप उतरला की माणूस पुन्हा शिफ्टला. नव्वदनंतर काहीतरी बदललं. पट्टीत काही सापडेना, माणसं मात्र हाडं दुखतात म्हणून कण्हायची. आम्ही गटारांत औषध मारत होतो आणि डेंग्यूचे हे डास घरात, स्वच्छ पाण्याच्या पिंपांच्या कडांना अंडी घालत होते. ते कळायला फार उशीर झाला.

अशाच एका पावसाळ्यात त्यांची नसरीन तापली. कॉलेजात जाणारी, हसरी मुलगी. पट्टीत काही निघालं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण पोट दुखत होतं, हातपाय गार. हमीदभाईंनी ठाण्याला न्यायला रिक्षा बोलावली होती. मी म्हणालो, "ताप उतरलाय, आता कशाला हलवता पोरीला?" त्यांनी रिक्षा परत पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी नसरीन गेली. या तापात तो उतरतो तेव्हाच खरा धोका असतो, हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मला खरंच ठाऊक नव्हतं... की ते गार हात हातात घेतल्यावर शंका आली होती? आजही नक्की सांगता येत नाही. हमीदभाई मात्र शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत म्हणत राहिले, "उशीर मी केला."

गेल्या शुक्रवारी त्यांच्या बायकोला, सकीनाभाभींना, सगळं सांगितलं.

"मी जन्मभर त्यांना बोलले," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही इथंच बसून ऐकत होतात?"

मी जायला उठलो.

"थांबा. नसरीन गेल्यापासून दर शुक्रवारी ते मोरीतलं पिंप ओतून घासायचे. नळाला पाणी येवो, न येवो. मला एकटीला हलत नाही."

दोघांनी मिळून ते कलतं केलं. मी काथ्या घेऊन खाली बसलो.

"कडा नीट घासा," त्या म्हणाल्या, आणि उभ्या राहून बघत राहिल्या.