व्हॉल्व्हचं चित्र आणि देखणं पान

सकाळचे सव्वानऊ. ऑफिसातले निम्मे दिवे अजून लागायचे होते आणि ताई तीच कॉमेंट पुन्हा लिहीत बसल्या होत्या. धाकटे-मोठे सगळे त्यांना ताईच म्हणतात. शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा प्रोग्रॅम त्यांच्या हातचा. त्यात जागोजागी माणसांसाठी लिहिलेल्या टिपा म्हणजे कॉमेंटी. यंत्राला त्यांच्याशी देणंघेणं नसतं. आज पुन्हा लिहीत होत्या त्या कॉमेंटीत ताईंनी रेघा आणि टिंबं जुळवून पाइपांचं चित्रच काढलं होतं. आधी पाण्याला बाजूची वाट देणारा बगलेचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग मुख्य बंद करायचा. उलट केलं की दाब तुंबतो आणि पाइप फुटतो.

मध्यंतरी टीमप्रमुखाने एक टूल आणलं. रोज पहाटे ते कॉमेंटी गोळा करून माहितीची देखणी पानं बनवतं आणि जाता जाता मूळ कॉमेंटींनाही इस्त्री करतं. चित्राच्या ओळी एकमेकींना चिकटल्या, उरला रेघांचा चिखल. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने त्यातून जमेल तो अर्थ काढला, क्रम उलटा लिहिला आणि चाचणीच्या आवारातला पाइप फुटला.

कालच्या बैठकीत ठपका आला ताईंवर. कॉमेंट संदिग्ध होती म्हणे. आपण चित्र कधी पाहिलंच नाही, असं ती मुलगी सांगत होती; कुणी कान दिला नाही.

टूलला एक खूण कळते. ती घातली की तेवढा भाग ते जसाच्या तसा सोडतं. ताईंनी पहिल्याच दिवशी ती घातली होती. प्रमुखाने ती काढून टाकली होती, हे त्यांना आज कळलं. त्या उठून थेट त्याच्या टेबलाशी गेल्या.

"ताई, पानावर तेवढाच तुकडा ओबडधोबड दिसत होता. सगळं एकसारखं नको का?"

"पान साहेबांना दाखवायला आहे. कॉमेंट प्रोग्रॅमला हात लावणाऱ्यासाठी आहे. लोकांच्या घरात पाणी शिरलं तर ते तुझ्या देखण्या पानाने पुसायचं का रे?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसू दाबलं. बाकीच्या सगळ्या कॉमेंटी ताईंनी टूलला हव्या तशा मुकाट लिहून दिल्या होत्या, पण इथे त्या हटल्या नाहीत. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पंपघरात जायला त्यांची मंजुरी लागते. खूण परत येईपर्यंत ती मिळणार नाही, असं सांगून त्या जागेवर जाऊन बसल्या.

दुपारपर्यंत प्रमुख फुगून बसला, मग खूण आली. बैठकीच्या टिपणातला ठपका काढायचं मात्र कुणी नावही घेतलं नाही.

उद्या पहाटे सहाला टूल चालेल आणि एवढी एक कॉमेंट सोडून बाकी सगळ्या सरळ करेल.