गादी गँगमधला ऐकणारा

आमच्यापैकी कोणी गायला तोंड उघडलं, की तो आधी डोळे मिटायचा आणि उजवा तळहात हवेत धरायचा. "थांब बे, आयकू दे." आता गाणं सुरूच झालं नाही तर हा ऐकणार काय, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं. पण त्याला आधी खोली ऐकायची असायची. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, कोणाच्या तरी घरचा मिक्सर. ते सगळं निवलं, की हात खाली यायचा. तोवर आम्ही उघडं तोंड तसंच ठेवून बसायचो.

दिग्रसला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच गल्लीत त्याच्या अब्बांचा गादी कारखाना होता. कारखाना म्हणजे फार काही समजू नका. पुढे रुई पिंजायची मशीन, आणि मागे एक लांबोळकी खोली. त्या खोलीत तयार गाद्या, रजया, लोड, सगळं छतापर्यंत रचलेलं. अब्बांच्या भुवयांवर बारा महिने रुई चिकटलेली असायची. त्याच्याही केसांत असायची. शाळेत मास्तर त्याला रोज विचारायचे, "काय रे, अंघोळ करतो का नाही?"

आमच्यातला तिसरा किसना, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या घरी कपाशी आणि तूर. आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. हा बोटांनी बाक वाजवायचा, आणि मी न् किसना त्यावर मास्तरांची चेष्टा जुळवायचो. एकदा मास्तरांनी आम्हा दोघांना वर्गाबाहेर काढलं. हा मात्र आतच राहिला, कारण तो डोळे मिटून बसला होता आणि मास्तरांना वाटलं, पोरगं किती मन लावून ऐकून राहिलंय!

पुढे कॉलेजात आलो, हातात मोबाईल आले आणि कळलं, की आपण बाकावर जे करत होतो त्याला जगात हिपहॉप म्हणतात. झालं! आमच्या अंगात वारंच शिरलं. मग गाणं रेकॉर्ड करायला जागा शोधत फिरलो. माझ्या गच्चीवर वारा. किसनाच्या अंगणात कोंबड्या. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीमागे गेलो तर मशीनचा असा दणका, की किसनाचे शब्द त्याचे त्यालाच ऐकू येईनात. प्रत्येक ठिकाणी याचा हात हवेत. "थांब बे, आयकू दे." आणि मग मान हलवायची. "नाही जमत. चला."

एका शुक्रवारी तो मला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला. जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बा जेवून लवंडायचे, तेवढा वेळ मशीन बंद असायची. दोन्हीकडे गाद्या, मधे माणूस जेमतेम उभा राहील एवढी फट. "बोल काही," म्हणाला. मी म्हटलं, "काय बोलू?" आणि दचकलोच! माझाच आवाज कोणी कानाशी येऊन बोलल्यासारखा वाटला. रुईनं सगळा गोंगाट पिऊन टाकला होता. तो हसायला लागला. "स्टुडिओ घरातच होता बे, अन् आपण गावभर हिंडून राह्यलो."

ताल त्यानं तिथूनच उचलला. नवी गादी भरली, की रुई सारखी बसावी म्हणून तिच्यावर लवचीक काठी मारतात. धप्, धप्. अब्बा मारत बसले, की हा शेजारी मोबाईल ठेवून द्यायचा. काठीचा ढोल, कात्रीची टकटक, खोळीतून दोरा ओढतानाची सरसर. हे सगळं मोबाईलवर जुळवून त्यानं असा ताल केला, की किसना नाचायलाच लागला आणि लोडांची रास त्याच्या अंगावर आली. गल्लीतल्या पोरांनी आम्हाला चिडवायला नाव ठेवलं, गादी गँग. आम्ही म्हटलं, चालते! आम्हाला कोणती कंपनी येऊन बारसं करणार होती?

ते बोंडअळीचं वर्ष होतं. किसनानं पहिलं गाणं त्यावरच केलं.

"बोंड भायेरून हिरवं, अळी बसली आत,
बापू हासून बोलते, ताटात तसाच भात."

हे म्हणताना त्याचा आवाज चिरकला. मी म्हटलं, परत घेऊ. यानं हात वर केला. "नोको. हेच राहू दे."

कापसाचं असं झालं, की गावोगावची लग्नं पुढे ढकलली गेली. लग्नं नाहीत तर गाद्या कोण घेणार? अब्बांची मागची खोली कधी नव्हे ती गच्च भरली, आणि आमचा आवाज कधी नव्हे तो चांगला आला. आम्हाला याचा आनंद व्हायचा आणि लाजही वाटायची. एखादी गादी विकली गेली, की त्याला लगेच कळायचं. "त्या कोपऱ्यात आवाज घुमून राह्यला. दोन गाद्या गेल्या वाटते."

मग त्यानं भलतंच सुरू केलं. अब्बा दुकानात नसले, की गिऱ्हाइकाला परत पाठवायचा! मी डोळ्यांनी पाहिलंय. एक बाई गादीवर हात फिरवत उभी होती, आणि हा तिला म्हणतो, "भाभी, या खोळीचा रंग जाते."

"मग ती दुसरी दाखव."

"ते जड आहे. अन् एवढ्या उन्हाळ्यात गादी कायले पाह्यजे तुमाले? दोन महिन्यानं या."

अब्बा दारात येऊन उभे. कपाळावर हात मारून म्हणाले, "ये लड़का मेरी दुकान बंद करवाएगा."

दुकान तसंही बंदच व्हायला आलं होतं. फोमच्या गाद्या तालुक्यापर्यंत पोचल्या होत्या आणि पिंजून घ्यायला येणारे कमी झाले होते. रमजान ईद झाली, की सामान उचलून हैदराबादला मोठ्या भावाकडे जायचं, असं अब्बांनी ठरवलं. मिळेल त्या भावानं माल काढायला लागले, आणि मागच्या खोलीत टेम्पोभरच गाद्या उरल्या. म्हणजे आमच्याकडे ईदपर्यंतच वेळ होता. माझी गाणी झाली, किसनाची झाली. राहिलं होतं त्याचं.

हो, त्याचंही एक गाणं होतं. आम्ही त्याला ते फक्त पुटपुटताना ऐकलं होतं. म्हण म्हटलं, की म्हणायचा, "मी आयकणारा माणूस हाय बे. तुमचं होऊ द्या." सगळी गाणी आम्हीच नेटवर टाकणार होतो, आणि त्यांत याचा आवाज कुठेच नव्हता. हा हैदराबादला गेला असता आणि गादी गँगमध्ये असा एक माणूस होता हे कोणाला कळलंही नसतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं. शेवटी किसनानं त्याची कॉलर धरली. "तू नाही गायला, तं माह्यं गाणं बी टाकू नोको!" तेव्हा कुठे हा तयार झाला. ईदच्या आधीचा शुक्रवार ठरला.

आणि त्याच्या आदल्या दिवशी किसनाचे वडील टेम्पो घेऊन दारात उभे राहिले.

मी तिथेच होतो. याच्या तोंडातून सवयीनं निघालंच, "काका, दोन महिन्यानं या ना."

"दोन महिन्यानं कसं बाप्पा? पोरीचं लगन सोमवारी हाय. सोयरे काल तयार झाले. गाद्या, रजया, सारंच पाह्यजे."

किसना टेम्पोमागे उभा होता, मान खाली घालून. त्याला कालपासून माहीत होतं. बहिणीचं लग्न जमल्याचा आनंद त्याला आमच्याशी बोलता आला नव्हता. याचा हात आपोआप वर गेला आणि तसाच खाली आला. मग किसनाजवळ गेला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "ताईचं लगन, अन् तू सांगतलं काहून नाही बे? मी काय परका हाय?"

"तुह्यं गाणं..." किसना म्हणाला.

"गाण्याले काय आग लागली? चल, उचलू लाग."

आणि त्यानं स्वतः निवडून निवडून गाद्या काढल्या. खोळीचा रंग पक्का आहे, हे काकांना घासून दाखवलं. सगळ्यात वरची, सगळ्यात मऊ रजई ताईसाठी वेगळी बांधली. टेम्पो भरला तशी मागची खोली रिकामी होत गेली. शेवटी तिथे उभं राहून त्यानं एक टाळी वाजवली. टाळी चारही भिंतींवरून परत आली. तो हसला, पण ते हसू मला पाहवलं नाही.

मग एकाएकी तो बाहेर धावला. "काका, एक मागू का? उद्या तुमच्या घरी, गाद्या ठेवल्या त्या खोलीत, आमाले घडीभर बसू द्याल?"

काकांना काही उमगलं नाही. "घर तुमचंच हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तांड्यावर. गाद्या एका खोलीत रचलेल्या, वर हळदीचे हात उमटलेले. आम्ही मधे फट केली, मोबाईल लावला. शेजारच्या खोलीत बायका ताईला ढावलो शिकवत होत्या. ढावलो म्हणजे बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून म्हणते ते रडणं. सूर लावून, त्या माणसाला काय सांगायचं ते सांगत. भिंतीपलीकडून तो सूर येतच होता. किसना आईकडे जायला उठला, "मी याडीले सांगतो, जरा थांबा म्हणून."

याचा हात वर. डोळे मिटलेले. "थांब बे. आयकू दे."

बराच वेळ तो तसाच होता. मग त्या सुरावरच त्यानं सुरुवात केली.

"काठी पडे रुईवर, धप् धप् धप्,
गाव सारं बोंबलते, तू बस गप्प.
माह्या बापानं गावाची झोप भरली,
आमच्या वाट्याले चटईच उरली."

एकदाही चुकला नाही हो! आयुष्यभर ऐकत बसलेला माणूस, पण असा बोलला, की पलीकडच्या बायका गप्प झाल्या. आणि मग त्या शांततेत ताईनं एकटीनं ढावलो पुढे नेला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी कोणाच्या तरी बांगड्या वाजतात आणि किसना नाक ओढतो. तेही आम्ही तसंच ठेवलंय.

अब्बांना ते मी माझ्या दुकानात ऐकवलं. ते स्टुलावर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "लकड़ी तो मेरी है." मग रुमालानं भुवया पुसल्या. "और लड़का भी."

ईदनंतर त्यांचं सामान निघालं. त्याला हैदराबादला फोमच्या दुकानात काम लागलं. आता फोन कधीतरी येतो. मी नवीन काही पाठवलं, की उत्तर यायला दिवस लागतात, आणि मग एवढंच येतं, "मागं पंखा चालू हाय बे." पण स्वतः काही केलं का, विचारलं तर विषय बदलतो. दिग्रसला तो परत आलेला नाही.

निघाले त्या दिवशीचं मात्र सांगतो. टेम्पोत पिंजायची मशीन, आणि तिच्या शेजारी गुंडाळलेल्या चटईवर तो बसलेला. टेम्पो सुरू झाला. बोल की रे काही, म्हणून मी किसनाला ढोसलं. एरवी तोंडाला ब्रेक नसलेला किसना, त्याला एक ओळ सुचेना. आणि मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्यानं ढावलो सुरू केला. ते बायकांनी म्हणायचं असतं. पानठेल्यावरची माणसं हसायला लागली. तोही आधी चेष्टेनंच म्हणत होता. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. माझ्या बाकावरच्या भावा, असं काहीबाही जोडत राहिला.

टेम्पोत बसलेल्या त्यानं डोळे मिटले आणि तळहात वर धरला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, रस्ता मोकळा झाला, टेम्पो हैदराबादच्या रस्त्याला वळला. वळेपर्यंत त्याचा हात वरच होता.