बोसाचं तोंड

बोसाच्या आईचं म्हणणं असं, की हा पोरगा जन्मला तेव्हा इतर पोरांसारखा रडला नाही, त्यानं सुइणीकडे तक्रार केली. आमच्या मसाका गावात ही गोष्ट खोटी मानणारं कुणी नाही. बोसाचं तोंड एकदा सुरू झालं, की समोरचा माणूस आपण घरून कशाला निघालो होतो तेच विसरायचा.

या तोंडापायी त्याच्या हातून एकेक काम गेलं. शिंप्याकडे बसवला, तर गिऱ्हाइकांशी गप्पा मारता मारता त्यानं पाद्रीबाबांच्या झग्याला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. तळ्यावर मासेमारीला पाठवला, तर दुसऱ्याच खेपेला होडीवाल्यांनी त्याला किनाऱ्यावर ठेवलं. हा बोलतो म्हणून मासे पळतात, असं कारण दिलं. मासे कसले पळतात, माणसंच वैतागली होती. मग एका श्रीमंताच्या बंगल्यावर राखणदार म्हणून लागला. तिथं मालक गावाला कधी जातो नि कुत्रा कुठं बांधलेला असतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत बसायचा. मालकानं हात जोडून त्याची बोळवण केली. आळशी मात्र बोसा कधीच नव्हता, हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल.

अशात त्याचा मित्र कायोंडो याचं लग्न ठरायला आलं. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला गेल्यावर नवरामुलगा तोंड उघडत नाही, त्याचा बापही नाही. दोन्ही घरांसाठी एकेक बोलका बोलतो. मुलाकडचा बोलका चटईवर गुडघे टेकून, ‘आम्हाला तुमच्या घरात जन्म द्या, आपलं म्हणा’ म्हणून गोडीगोडीनं विनवतो. मुलीकडचा त्याच्या खोड्या काढतो, दंड लावतो, चांगला घाम फोडतो आणि मगच आत घेतो. नावाजलेले बोलके महाग असतात. कायोंडोनं बोसाला गाठलं आणि म्हणाला, “आयुष्यभर फुकट बोललास, आता एकदा कामाचं बोल.”

बोसाला तर स्वर्ग दोन बोटं उरला. उसना पांढरा पायघोळ कांझू चढवून तो त्या अंगणात उभा राहिला आणि पहिल्या वाक्यापासून त्यानं मंडप हातात घेतला. अवघडून बसलेले पाहुणे सैल झाले, म्हाताऱ्या पदराआड हसायला लागल्या. बोसाला आतून कुणीतरी सांगत होतं, की बाबा रे, हेच तुझं काम.

आणि तिथंच घात झाला.

नोव्हेंबरचे दिवस होते. त्या दिवसांत सगळा मसाका मोठमोठ्या दिव्यांखाली पत्रे उभे करून नाकतोडे पकडतो, पंख-पाय खुडतो आणि तळून खातो. नाकतोडा ज्यांचं देवक आहे, त्या कुळातली माणसं तेवढी खात नाहीत. देवक म्हणजे रक्ताचं माणूस, त्याला कढईत कोण घालील? मुलीकडची मंडळी नेमकी याच कुळातली होती. बोसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण जीभ उतारावरून सुटली होती.

“घरच्यांनो, हंगामाचे दिवस आहेत!” बोसा म्हणाला. “अख्खा मसाका पिशव्या घेऊन दिव्याखाली उभा आहे. आमच्या कायोंडोनंही तुमच्या दिव्याखाली एक गुबगुबीत नाकतोडा हेरलाय. तुम्ही फक्त हो म्हणा, की पंख खुडायचे आणि थेट कढईत!”

कायोंडोचा चेहरा उतरला. मुलीचे आजोबा काठीवर भार देत उठले आणि म्हणाले, “यांच्या भेटींच्या टोपल्या उचला. वाट दाखवा यांना.”

मुलीकडून बोलायला नामुद्दू नावाची म्हातारी उभी होती. सगळा जिल्हा तिला जज्जा, म्हणजे आजी म्हणायचा. तिनं आजोबांना हातानंच थोपवलं.

“जरा थांबा. हा आपल्या भावाला तळायला निघालाय, आणि आपण याला उपाशी परत पाठवायचं? भुकेल्या पोटी आणखी काय काय बरळेल!” मागे कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यावर म्हातारीनं सूत्रं हातात घेतली. “मुलाच्या थोरल्या काकांनी गुडघे टेकून माफी मागावी. एक बोकड दंड. लग्न मोडायचं नाही. काही मोडायचंच असेल तर याचं तोंड मोडा. ए पोरा, तू फाटकाबाहेर हो!”

लग्न वाचलं. बोसा मात्र फाटकाबाहेर गाडीच्या चाकाला टेकून बसून राहिला. आतून ढोल ऐकू येत होते, हशा ऐकू येत होता, आणि याच्या डोळ्यांतलं पाणी कांझूच्या बाहीनं पुसूनही थांबत नव्हतं. थोड्या वेळानं नामुद्दू स्वतः केळीच्या पानात बांधलेलं गरम मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, घेऊन बाहेर आली.

“खा.”

“जज्जा, आजपासून मी तोंड शिवून टाकतो.”

“तुझी शिवण मी ऐकून आहे रे. दोन दिवसांत उसवेल.” ती त्याच्याशेजारी दगडावर टेकली. “तुझा आवाज मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीपर्यंत पोचला. घाबरलेली माणसं तुला बघून हसली. हे मला कुणाला शिकवता आलेलं नाही. पण बोलताना तू समोर बघतच नाहीस. त्या आजोबांच्या तोंडाकडे नजर असती, तर जीभ आपोआप अडली असती.”

“आता मला कोण बोलवणार?”

“कुणी नाही. तू माझ्या घरी ये. काम देते. गप्प बसायचं, हे काम.”

ही म्हातारी त्याची कोण लागत होती? कुणीच नाही. तिच्याच सोयऱ्यांचा त्यानं अपमान केला होता. तरी ती पान घेऊन बाहेर आली. आजही बोसा ही गोष्ट सांगायला लागला, की इथं त्याचा आवाज जड होतो, आणि माझ्या मते व्हायलाच हवा.

बोसा तिच्याकडे जाऊ लागला. ती बोलायला जाईल तिथं हा मागे टोपल्या वाहायचा. कांझू अंगात, टोपली डोक्यावर आणि तोंड बंद. परत निघताना म्हातारी विचारायची, “आज मुलीच्या आईनं किती वेळा पदर तोंडाला लावला? तो कोपऱ्यातला मामा का रुसला होता?” बोसाला सांगता आलं नाही, की ती त्याला ढोलवाल्यांच्या टेम्पोतून घरी धाडायची आणि स्वतः पुढच्या गाडीत बसायची. हळूहळू त्याची नजर सुधारली. कुळं, त्यांची देवकं, कुणाचं कुणाशी जमतं नि कुणाशी बिनसलंय, हे तर तो चालता चालता शिकला. जड गेलं ते ओठ मिटून उभं राहणं. समोरचा बोलका एखाद्या शब्दावर अडायचा, बोसाच्या जिभेवर तो शब्द तयार असायचा, आणि तो गिळावा लागायचा.

बाजारातल्या लोकांनी थोडंच सोडलं त्याला! भाजीवाली लांबूनच ओरडायची, “काय बोसा, तोंडाला कुलूप लावलंस ते लावलंस, किल्ली म्हातारीकडे दिलीस होय?” कोंबड्या विकणारा म्हणायचा, “नाकतोडे ताजे आहेत का रे?” पूर्वीचा बोसा अशांना पुरून उरला असता. आता तो हसून पुढे जायचा, आणि घरी आल्यावर आईचं डोकं खायचा.

एकदा त्याचा धीर सुटला. कंपालाला चुलतभावाचं पत्र्याचं आणि खिळ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवायला त्याला असलाच माणूस हवा होता. बोसा गेला. दुकान चाललंही झकास. पण पावसाळा संपायच्या आत तो गाठोडं घेऊन नामुद्दूच्या दारात परत उभा.

“का रे, जेवायला घालत नव्हते?”

“घालत होते. बोलूही देत होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पण जज्जा, लोक खिळे घेऊन निघून जातात. इथं आपण बोललो, की दोन घरं जोडली जातात. मला तेच करायचंय. कितीही वर्षं टोपल्या वाहायला लावा.”

म्हातारी म्हणाली, “मग ती कोपऱ्यातली टोपली उचल. शनिवारी जायचंय.”

तेव्हापासून बोसा तिथून हलला नाही. नामुद्दूच्या पायाला सूज आली, तिला लांबचा प्रवास झेपेना, तेव्हा तिनं एका मुलाकडच्या मंडळींना सांगून टाकलं, की यंदा तुमच्याकडून बोसा बोलेल. मंडळी हादरली. “नाकतोडेवाला?” मुलाच्या आत्यानं विचारलं. नामुद्दू म्हणाली, “तो नको असेल तर दुसरा शोधा. मग माझंही नाव घेऊ नका.” आता बोसाला कळलं, की आपण चुकलो तर आपली अब्रू जाईल ती जाईल, म्हातारीनं जन्मभर कमावलेलंही बुडेल.

मुलीचा बाप ढोल बनवणारा होता. सेन्योंगा त्याचं नाव. बोलताना तो फार अडखळायचा, म्हणून गावात त्याला कुणी बोलायला लावतच नसे. त्याची मुलगी लहानपणापासून त्याच्या वतीनं बोलायची, बाजारात, दवाखान्यात, चर्चमध्ये. आज तीच निघाली होती.

मागणी छान रंगली. मुलीकडचा बोलका माइक घेऊन नाचत होता, बोसा बेतानं उत्तरं देत होता. टोपल्या आत गेल्या. आता बोलक्यानं बापाच्या वतीनं ‘मुलगी दिली’ म्हणायचं, की झालं. तेवढ्यात सेन्योंगा खुर्चीवरून उठला.

“मी... मी स... स...”

“स्वतः सांगतो म्हणतायत!” बोलक्यानं वाक्य पुरं केलं. “सांगा, सांगा! मुलगी दिली, असंच ना?”

सेन्योंगानं मान हलवली. नाही. “ति... तिला... तु...”

“तुमच्या घरी सुखी ठेवा!” बोलका म्हणाला. मांडवात हसू पसरलं. मुलीनं खाली मान घातली. सेन्योंगाच्या कपाळावर शिरा उठल्या, आणि तो हळूहळू पुन्हा खुर्चीकडे वळला.

बोसानं त्याचा चेहरा पाहिला. जिभेवर चार वाक्यं तयार होती, चारही सुरेख, मांडव डोक्यावर घेतील अशी. त्यानं आपल्या हातातला माइक चटईवर ठेवला आणि गुडघे टेकले. त्याला बघून मुलाकडची सगळी मंडळी गुडघ्यावर आली. सगळे पाहुणे असे एकदम गुडघ्यावर बसले, की घरच्या यजमानाखेरीज कुणी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मुलीकडच्या बोलक्यालाही तोंड मिटावं लागलं.

सेन्योंगा थबकला. मांडवभर शांतता. ती इतकी लांबली, की चुलीवरच्या पातेल्यांचं रटरटणं ऐकू येऊ लागलं. बोसा वर बघत बसून राहिला, घाई नसलेल्या माणसासारखा.

“ही... माझी मुलगी...” सेन्योंगा म्हणाला, “मा... माझ्यासाठी... जन्मभर बोलली. तु... तुमच्या घरी... तिला... कुणी गप्प... बसवू नका.”

मुलगी धावत येऊन बापाच्या पायाशी बसली. नवऱ्यामुलाची आत्या पदर डोळ्यांना लावून मोठ्यानं रडत होती. बोसानं उत्तर द्यायचं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

“ऐकलं, बाबा,” बोसा म्हणाला. “आमच्या घरानं ऐकलं.”

एवढंच. मनात मात्र तो नामुद्दूच्या पाया पडत होता. तिनं आपल्याला फाटकाबाहेरून उचललं नसतं, तर या माणसाचं बोलणं आपणच चिरडलं असतं, हे त्याला तिथं गुडघ्यावर बसल्या बसल्या लख्ख कळलं.

जेवणाच्या वेळी सेन्योंगानं बोसाला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं आणि बोलायला लागला. ढोलाला कुठलं लाकूड चांगलं, कातडं ताणताना त्याचे वडील काय म्हणायचे, बायको गेली त्या वर्षी घर कसं झालं होतं. एकेका वाक्याला वेळ लागत होता. पानातलं मटोके गार झालं, पाहुणे गाड्यांत जाऊन बसले, कुणीतरी भोंगा वाजवला. बोसा जागचा हलला नाही.

शेवटी मुलाकडचे काका त्याला बोलवायला आले. सेन्योंगानं बोसाचा हात सोडला, पुन्हा धरला.

“उ... उद्या पण ये,” तो म्हणाला. “अजून... बरंच सांगायचंय.”