मुकुंदकाकांचा बदलत गेलेला प्रश्न

माझ्या काकांनी स्वतःची पीएचडी स्वतःच नापास केली होती.

आज मुकुंदकाकांना जाऊन वर्ष झालं. चामराजपुरमला काकांच्या घरी सगळे जमलो, जेवलो, हसलोसुद्धा. म्हणून लिहावंसं वाटलं.

शाळांत नुकते कॉम्प्युटर आले होते, तेव्हाची गोष्ट. काकांचा रिसर्च होता, शिक्षक नवी टेक्नॉलॉजी का स्वीकारतात किंवा नाकारतात यावर.

तेव्हा या विषयात मुख्य प्रश्न दोनच.
उपयोगी वाटतं का?
सोपं वाटतं का?

काका बसने गावोगावच्या शाळांत फिरले. सगळ्यांनी भरभरून 'हो' म्हटलं. थीसिस तयार.

मग बन्नूरच्या एका शाळेत ते सहज पुन्हा गेले, तर कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप.

तिथल्या मॅडम संकोचून म्हणाल्या, "सर, तुम्ही युनिव्हर्सिटीतून आलात, तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि मशीन बिघडलं तर बोलणी आम्हीच खायची ना?"

काका तडक गाइडकडे.
"आकडे उत्तम आहेत. सबमिट करा."
"आकडे उत्तम आहेत सर. खोली बंद आहे."

काकांनी सबमिट केलंच नाही. गाइड बरेच दिवस रागावले होते.

काकू तेव्हा नवी नवरी. तिने विचारलं, "थोडं चालवून घेतलं असतं तर?"
"सगळ्यांना चाललं असतं ग. मला नसतं चाललं. अष्टे."
अष्टे, म्हणजे कन्नडमधलं 'एवढंच'. काका हे बोलले की विषय संपला.

ते पुन्हा निघाले. या वेळी वर्गात मागच्या बाकावर बसून राहिले. हेडमास्तर पाठीशी उभे राहतात का, अडलं तर मदतीला कोण येतं, पोरांसमोर चुकायची भीती किती, सगळं पाहिलं.

डिग्री उशिरा मिळाली. ज्युनियर पुढे गेले. काकू सांगते, कधी कुरकुर नाही.

पुढे या विषयातले इतर लोकही हेच विचारू लागले, तेव्हा मात्र काका जाम खूश. "बघ, मी एकटाच वेडा नव्हतो!"

लॉकडाऊनमध्ये सगळे शिक्षक एका फटक्यात ऑनलाइन गेले. मी चिडवलं, "काका, तुमचा विषय संपला."
"त्यांनी स्वीकारलं कुठे? त्यांना ढकललं. शाळा उघडल्यावर त्यातलं काय ठेवतात, ते बघायचं."

शेवटच्या आजारपणात मी त्यांना माझा सर्व्हे दाखवला. मी कॉलेजात शिकवते. पहिलाच प्रश्न होता, तुम्ही एआय वापरता का?

काका उशीला टेकून हसले. "वापरतात ग सगळे. कुठे वापरणार नाही, ते विचार."

मी वर्गात विचारलं. सोसले गावाहून येणारी एक मुलगी म्हणाली, "आईला मेसेज करताना नाही. चुका झाल्या तरी मीच लिहिते."

काकांना येऊन सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला.
"आता तू रिसर्चला लागलीस."

आमचं शेवटचं बोलणं हेच.

काका, मी अजून विचारतेय. मुलं मोकळेपणाने बोलतात.
तुम्हाला मनापासून नमस्कार.